भूत नंतर, आधी घराचे कागद: गॉथिक वाचायची आणि बघायची माझी रीत

गॉथिक कादंबरी (जुनी वास्तू, दडलेली गुपितं आणि भय यांची गोष्ट), भुताचा जुना सिनेमा किंवा हवेलीतली मालिका हातात घेतली की बहुतेकांचं लक्ष भुताकडे जातं. कधी दिसणार, कसं दिसणार, खरं निघणार की खोटं. माझं सांगणं असं की पहिला अर्धा तास भुताला विसरा आणि घराकडे बघा. घर कुणाच्या नावावर आहे? किल्ल्या कुणाकडे आहेत? राहतंय कोण, आणि त्याला राहायचा हक्क आहे का? कुठली खोली बंद आहे आणि ती कुणी बंद केली? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की भूत कुठून आलं ते बऱ्याचदा आपोआप उलगडतं. गोष्ट भक्कम आहे की नुसता आरडाओरडा, हेही तिथेच कळतं.

मी गोव्यात फोंड्याला एका वकिलांच्या कचेरीत कामाला आहे. वाटणीची इन्व्हेंटरी, मुखत्यारपत्रं, जमिनीचे १/१४ चे उतारे, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) अर्जाला जोडायचे कागद, हे माझं रोजचं. एखाद्या घराची फाईल उघडली की आजोबांच्या नावाखाली मुलं, मुलांखाली नातवंडं, त्यातली निम्मी मुंबईला, काही परदेशात, एखाद्याचा ठावठिकाणाच नाही, आणि घर कुलूपबंद. दिवसभर असल्या फायली हाताळल्यावर रात्री ज्या कादंबऱ्यांत बंद घरं भेटतात त्या मला परक्या वाटत नाहीत. पावसाळ्यात आमच्या सोप्यावर भाची, वहिनी, शेजारपाजारची माणसं जमतात. आम्ही वाचतो, बघतो आणि कडकडून भांडतो. त्यातून जी रीत बसली ती इथे लिहिते. काही गोष्टींचे शेवट पुढे उघड होणार आहेत. ‘महाल’ आणि ‘रेबेका’ ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी ते आधी बघून घ्यावेत.

एका पानाचा उतारा

वही घ्या. पुस्तकाची पहिली पन्नासेक पानं किंवा मालिकेचा पहिला भाग झाला की एका पानावर चार रकाने करा: मालक, किल्लीवाला, राहणारा, गैरहजर. प्रत्येक रकान्यात नावं भरा. जिथे नाव भरताना हात अडखळतो, तिथे त्या गोष्टीचं मर्म आहे असं धरून चाला.

‘ड्रॅक्युला’चंच बघा. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ ची. दात, वटवाघळं, लसूण हे न वाचणाऱ्यांनाही पाठ असतं. पण पहिल्या प्रकरणांत घडतं काय? जोनाथन हार्कर नावाचा नवा सॉलिसिटर इंग्लंडहून काउंटच्या गढीत पोचतो, तो लंडनजवळच्या एका जुन्या मिळकतीच्या खरेदीचे कागद घेऊन. काउंट त्याला कायद्याच्या बारीकसारीक शंका विचारतो. इंग्लंडमध्ये एका माणसाला एकाहून जास्त सॉलिसिटर ठेवता येतात का, अशीही चौकशी करतो. आमच्याकडे जमीन घ्यायला येणारी काही माणसं अगदी असंच विचारतात, म्हणून ते पान वाचताना मी ताठ बसले. पुढे काउंट मातीच्या पन्नास पेट्या जहाजातून नेतो, कारण परमुलखात विसाव्यालासुद्धा त्याला स्वतःच्या भूमीची माती लागते. व्यवहार नीट पार पडला, कागदात कुठे खोट नव्हती, म्हणूनच संकट लंडनच्या दाराशी आलं. दातांपेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते.

याच कथेवर १९२२ साली जर्मनीत ‘नोस्फेराटू’ नावाचा मूकपट निघाला, परवानगी न घेता. स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि कोर्टानं चित्रपटाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो बघायला मिळतो. हक्काचा झगडा या प्रकाराच्या कथेत असतोच, इथे तो कथेबाहेरही आला.

गैरहजर मालकाचा रकाना सर्वांत कामाचा. हेन्री जेम्सच्या १८९८ च्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ मध्ये दोन पोरक्या मुलांचा काका लंडनमध्ये राहतो. गावाकडचं मोठं घर, मुलं, नोकरचाकर सगळं एका तरुण शिक्षिकेच्या हवाली करतो आणि अट घालतो: काहीही झालं तरी मला त्रास द्यायचा नाही. जबाबदारी सगळी तिच्यावर, अधिकार मात्र काहीच नाही. तिला दिसणारी भुतं खरी की मनातली, यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चाललाय. आमच्या सोप्यावरही दरवर्षी चालतो. मला विचाराल तर भुतं कुठलीही असोत, ती शिरली त्या काकाच्या अटीतून. मालक दूर आणि घर दुसऱ्याच्या जिवावर, हे गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको.

एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ ला (१८४७) प्रेमकथा समजून वाचणारे मध्येच दमतात, हे मी पाहिलंय. त्यांना मी सांगते, वंशावळ काढा आणि दोन घरं कुणाकडून कुणाकडे गेली तेवढं लिहीत जा. हीथक्लिफ हा उचलून आणलेला पोरगा एक घर गहाणाच्या वाटेनं आणि दुसरं लग्नाच्या वाटेनं ताब्यात घेतो. सी. पी. सँगर नावाच्या एका इंग्रज वकिलानं १९२६ मध्ये या कादंबरीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं वंशावळ मांडली, तारखा जुळवल्या आणि त्या काळच्या मिळकतीच्या कायद्यात हे सगळं कसं बसतं ते दाखवलं. लेखिकेनं किती काटेकोर हिशोब ठेवला होता हे त्यातून कळतं. वादळी प्रेमाच्या तळाशी इतकी चोख कागदपत्रं आहेत, म्हणून ते प्रेम खरं वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

हा सगळा प्रकार सुरूच मुळी असा झाला. १७६४ च्या अखेरीस आलेली होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही या घराण्यातली पहिली मानतात. तिच्यात बळकावलेली गादी खऱ्या वारसाकडे परत जाते. ती वाचायलाच हवी असं मात्र नाही. अवाढव्य शिरस्त्राण आभाळातून पडून नवरदेव चिरडतो, हे आज वाचताना भीती वाटत नाही. अभ्यासापुरती ठीक.

सुरुवात कुठून करावी

‘महाल’ पासून. कमाल अमरोहींचा, १९४९ चा. हिंदी आहे, घरातल्या सगळ्यांना कळतो, आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना त्यातलं एक गाणं तरी येतंच. अशोककुमारच्या घराण्यानं लिलावात घेतलेल्या जुन्या वास्तूत तो राहायला येतो. म्हातारा माळी त्याला आधीच्या मालकाची कहाणी सांगतो. भिंतीवर त्या मालकाची तसबीर, चेहरा हुबेहूब ह्याचाच. मग झोपाळ्यावर मधुबाला. कॅमेरा जोसेफ वर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. झुंबर, जिना, लांबलचक सावल्या नीट बघा, कारण पुढच्या कितीतरी हिंदी भुताच्या सिनेमांनी इथूनच उचललंय.

पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. शेवटी कळतं की ती ‘आत्मा’ म्हणजे माळ्याची मुलगी. त्या वास्तूच्या आवारात वाढलेली, तिथली प्रत्येक वाट ठाऊक असलेली, पण कागदावर कुठेच नसलेली. तिला त्या घरात उभं राहायचं तर भूत होऊनच राहता येतं. आपल्याकडे गोव्यात १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला घरातून हाकलता येऊ नये म्हणून. त्या कायद्याखालचे अर्ज मी रोज बघते. ‘महाल’ बघताना मधुबालेचा चेहरा मला त्या अर्जांतल्या नावांशी जोडावासा वाटतो, आणि मग तो सिनेमा माझ्यासाठी प्रेमकथा उरत नाही. वहिनीला हे पटत नाही. तिच्या मते ती पुनर्जन्माच्या वेडाची गोष्ट आहे. तेही वाचन खोटं नाही.

‘महाल’ नंतर ‘रेबेका’. डॅफ्ने द्यू मोरिएची कादंबरी १९३८ ची, हिचकॉकचा सिनेमा १९४० चा. आधी सिनेमा बघा, मग कादंबरी वाचा, कारण एक फरक मुद्दाम टिपायचा आहे. कादंबरीत नवऱ्यानं पहिल्या बायकोला गोळी घातलेली असते. सिनेमात तो अपघात होतो, कारण त्या वेळच्या हॉलिवुडच्या नियमावलीत पत्नीच्या खुन्याला मोकळं सोडणं बसत नव्हतं. त्या एका बदलानं दुसऱ्या बायकोचा सगळा स्वभाव बदलून जातो. कादंबरीत ती खून ऐकते आणि तिला हायसं वाटतं, नवऱ्याचं पहिल्या बायकोवर प्रेम नव्हतं म्हणून. ते हायसं वाटणं हा त्या पुस्तकातला सर्वांत भयंकर क्षण आहे आणि सिनेमाला तो पूर्ण ताकदीनं दाखवता आला नाही.

सिनेमात किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघा: घराचा कारभार बघणाऱ्या मिसेस डॅन्व्हर्सकडे. हिचकॉकनं तिला चालत येताना जवळजवळ दाखवलंच नाही. नवी मालकीण वळते, आणि ही शेजारी उभी. बंद ठेवलेली ती झोपायची खोली, त्यातला फरचा कोट, पारदर्शक रात्रीचा पोशाख आणि तो उचलून आत हात घालून दाखवणारी मिसेस डॅन्व्हर्स, हा प्रसंग दोनदा बघावा. एकदा तिच्याकडे आणि एकदा नव्या बायकोच्या हातांकडे लक्ष ठेवून. दुसऱ्यांदा बघताना कळतं की घर कुणाचं याचा निकाल इथेच लागलेला आहे.

याच कथेवर आपल्याकडे १९६४ मध्ये ‘कोहरा’ निघाला. बिरेन नाग दिग्दर्शक, निर्मिती आणि संगीत हेमंतकुमारांचं. वहिदा रहमान नवी नवरी, आणि त्या किल्लीवाल्या बाईच्या जागी आपल्या ललिता पवार. सिनेमा शेवटाकडे घसरतो, पण ललिताबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या की पडदा त्यांचा होतो. त्यांच्यासाठी बघाच.

गोव्याची कसोटी

हा माझा आवडता खेळ आहे आणि तो गंभीरपणे खेळावा. गोष्ट संपली की विचारायचं: हीच गोष्ट गोव्यात घडली असती का?

विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ मध्ये नवरा बायकोचे वीस हजार पौंड लाटण्यासाठी तिला दुसऱ्याच बाईच्या नावानं वेड्यांच्या इस्पितळात डांबतो. कादंबरी १८६० च्या सुमाराची. इंग्लंडमध्ये तेव्हा लग्न झालं की बाईची बहुतेक मिळकत नवऱ्याच्या हाती जायची. त्यात सुधारणा करणारे कायदे आले १८७० आणि १८८२ मध्ये. म्हणून त्या काळच्या इंग्रजी गॉथिकमध्ये इतक्या बायका माळ्यावर, मनोऱ्यात, इस्पितळात कोंडलेल्या सापडतात. भिंत दगडाची असली तरी तिला आधार कायद्याचा होता.

आता इकडे या. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मिळकतीचे अर्धे-अर्धे मालक. घर विकायचं तर दोघांची सही हवी. मुलांचा अर्ध्या मिळकतीवरचा वाटा मृत्युपत्र करूनही सहसा काढून घेता येत नाही, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे एकुलत्या एका वारसाची, एका दुष्ट काकाची, बदललेल्या मृत्युपत्राची गोष्ट इथे तितकीशी उभीच राहत नाही.

मग आपलं गॉथिक कुठलं? ते घर, ज्याचे चाळीस हिस्सेदार आहेत. प्रत्येकाचा हक्क पक्का, म्हणून छपराचे नळे (कौलं) परतायला कुणीच पैसे काढत नाही. मे महिन्यात एकानं दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव सांगायचं, आणि जूनमध्ये देवघराच्या छपरातून पाणी. गिलेर्मो देल तोरोच्या ‘क्रिम्सन पीक’ (२०१५) मध्ये भग्न वाड्याच्या छपराला भलं मोठं भगदाड आहे आणि दिवाणखान्यात वरून बर्फ पडतं. तिथे कारण कंगालपणाचं आहे. आपल्याकडे तसलंच भगदाड सगळे सुखवस्तू असताना पडतं. ही गोष्ट अजून कुणी नीट लिहिलेली मला सापडलेली नाही आणि कुणीतरी लिहावी अशी माझी फार इच्छा आहे. लिहिणाऱ्यांसाठी एकच सूचना: भूत आणायचं तर ते सही न केलेल्या हिस्सेदाराचं आणा.

भारतात या कसोटीला पुरा उतरलेला सिनेमा ‘तुंबाड’. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो आला, नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला. सरकारांच्या वाड्यात त्यांची सेवा करणाऱ्या बाईचा मुलगा विनायक, रक्तानं त्या घराचा पण नावानं नाही, वाड्यातल्या खजिन्यावर आपला हक्क सांगतो. गोष्ट १९१८, १९३३ आणि १९४७ अशी सरकते. पाऊस सतत पडतो आणि तो खरा पाऊस वाटतो: चिखलात पाय रुततो, भिंतीला ओल चढते, कपडे वाळत नाहीत. मला खजिन्याजवळच्या हस्तर या शापित देवापेक्षा त्या साखळीनं बांधलेल्या म्हातारीनं जास्त हलवलं. तिला वेळेवर जेवण भरवणं ही घरातली एक नेमाची कामगिरी झालेली आहे, जसं रात्री कडी लावणं. भय रोजच्या कामात मिसळलं की ते किती वेगळं होतं, हे शिकायचं तर हा सिनेमा बघावा.

मालिका कशी बघावी

आधी टीव्ही नीट करा. नव्या टीव्हीत रंग भडक दाखवणारा ‘व्हिव्हिड’ मोड लावून देतात, तो काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, नाहीतर महागडी मालिकासुद्धा रोजच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखी दिसते. खोली पूर्ण काळोखी करू नका. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवलात तर काळे प्रसंग स्वच्छ दिसतात आणि डोळे शिणत नाहीत. कौलांवर जुलैचा पाऊस असेल तर संवाद ऐकू येणार नाहीत, म्हणून सबटायटल्स ठेवाच. आवाज वाढवून उपयोग नाही: कुजबुज तेवढीच राहते आणि किंचाळी शेजारच्या वाड्यावर जाते. वीज जाणार हे धरून चाला. भाग अर्ध्यावर तुटला तर दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापासून लावा, कारण अशा मालिकांत भय थराथरानं चढवलेलं असतं.

एका रात्री दोनच भाग. सगळी मालिका एका बैठकीत संपवली तर शेवट तेवढा लक्षात राहतो आणि घर विसरून जातं. ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ आठवडाभर तरी बघू नका. तो अर्थ तुम्हालाच लावायचा आहे.

सराव करायला माइक फ्लॅनॅगनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ उत्तम, दहा भागांची. योगायोग असा की तीही १२ ऑक्टोबर २०१८ लाच आली. आधी शर्ली जॅक्सनची १९५९ ची मूळ कादंबरी वाचून घ्या, छोटीशी आहे. कादंबरीतल्या घरात प्रत्येक कोन किंचित चुकलेला, त्यामुळे दारं आपली आपण मिटतात. कुणी काही करत नाही, बांधकामच तसं. मालिकेनं वेगळी वाट घेतली: पाच भावंडं, त्यांचं बालपण त्या घरात गेलेलं, आणि आई-वडील ते घर डागडुजी करून विकायला आलेले. मागच्या काळोखात, जिन्याखाली, दाराआड कितीतरी चेहरे न सांगता उभे केलेत. सहावा भाग मोजक्याच लांबलचक शॉटमध्ये घेतलाय: शवपेटीभोवती भावंडं भांडतायत, बाहेर वादळ, आणि कॅमेरा न तुटता त्यांच्याभोवती फिरतो. वाटणीच्या बैठकीत कुणी उठून गेलं, कुणी रडलं, कुणी जुनं उकरून काढलं की जे होतं तेच तिथे होतं. अशी बैठक इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्याच मालिकेत पाहिलेली नाही.

शेवट मात्र मला मान्य नाही. जॅक्सननं कादंबरीच्या सुरुवातीला आणि अखेरीला सांगितलंय की त्या घरात जे काही वावरतं ते एकटंच वावरतं. मालिका शेवटी ते वाक्य उलटवून ‘सगळे मिळून वावरतात’ असं करते. भाची म्हणते, आते, दहा भाग रडवल्यावर एवढी माया हवीच. मी म्हणते, ज्या घरानं आई गिळली त्याला शेवटी आश्रम करून टाकणं हा त्या आईवर अन्याय आहे. याच दिग्दर्शकाची २०२३ ची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ कमी मायाळू आणि म्हणून जास्त प्रामाणिक आहे. तिथे औषधांच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या घराण्याचे वारस एकेक करून जातात. मधले दोन-तीन भाग एकाच साच्याचे झालेत, ते सोसावे लागतात.

हेन्री जेम्सच्या त्या काकावर मालिका बघायची असेल तर तिच्याऐवजी जॅक क्लेटनचा १९६१ चा ‘द इनोसंट्स’ हा सिनेमा लावा. काळापांढरा, डेबोरा कर शिक्षिका. तळ्यापलीकडे वेतांच्या झुडपात भर दिवसा एक बाई उभी राहते, लांब, न हलता. रात्र नाही, किंचाळी नाही. मला या साऱ्या प्रकारात एकच प्रसंग ठेवायला सांगितला तर मी तो ठेवीन.

मराठीत काय वाचावं

सुरुवातीला रत्नाकर मतकरी. त्यांच्या गूढकथांत वाडे कमी, साधी राहती घरं जास्त, आणि भय शेवटच्या परिच्छेदात येतं. एका बैठकीत वाचून होतात. नारायण धारप त्यानंतर. त्यांचा समर्थ नावाचा नायक येऊन संकट निवारतो तेव्हा मला थोडं सुटल्यासारखं होतं, आणि म्हणूनच त्यांच्या समर्थ नसलेल्या कथा मला जास्त आवडतात.

पण सोप्यावर मोठ्यानं वाचायचे ते चिं. त्र्यं. खानोलकर. वेंगुर्ल्याजवळचा हा माणूस, म्हणजे आपल्या शेजारचाच. ‘रात्र काळी घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ या कादंबऱ्यांना दुकानात कुणी गॉथिकच्या फळीवर ठेवणार नाही, पण देवस्थानाची जमीन, घराण्याचा शाप, बाईच्या रूपाची गावाला वाटणारी भीती हे सगळं तिथे आहे, आणि ते तळकोकणच्या मातीतून आलेलं आहे. दिवसाला एकच प्रकरण वाचा. त्यांचं वाक्य घाईनं वाचलं तर हाताला लागत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’ बद्दल विचारल्याशिवाय इथे कुणी सोडत नाही. २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर, मालवणी बोली, अण्णांच्या मृत्यूनंतर गोळा झालेलं कुटुंब आणि मिळकतीवरून एकमेकांकडे वळलेल्या संशयी नजरा, हे अस्सल होतं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता इतके मोठे झाले की घर मागे पडलं. दोघांचा अभिनय चांगलाच आहे. तरी मी पहिल्या पर्वाच्या बाजूची, कारण तिथे माणसांपेक्षा घर मोठं होतं.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठीचं मोठं दालन आहे. १८३२ साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय. तिथे सकाळी जा, कथासंग्रहांच्या फळीशी उभे राहा आणि अनुक्रमणिका चाळा.

खरी घरं बघायला जाताना

चांदरला मेनेझिस ब्रागांझा यांचं घर बघा, पण ‘भुताटकीचं घर’ म्हणून जाऊ नका. तिथे माणसं राहतात. त्या प्रचंड घराचे वारसाहक्कानं दोन भाग झालेत, पूर्वेकडचं घर वेगळं, पश्चिमेकडचं वेगळं. दोन्हीकडे जा आणि झुंबरांइतकंच लक्ष डागडुजीकडे द्या: कुठलं लाकूड नवं, कुठलं सोडून दिलेलं. देखभालीसाठी पैसे ठेवून या.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मनोरा दुपारी बघा. धर्मसंघांना पोर्तुगीज सरकारनं बाहेर काढल्यावर १८३५ मध्ये तो मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये मनोऱ्याचाही भाग गेला. तिथेही कारण तेच: मालक गेला, मग छप्पर गेलं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, बाईवर दोन्ही हात पसरून संमोहन करणारा. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या माणसाचं नाव अलेक्झांडर द्यूमानं आपल्या कादंबरीतल्या कैदी पाद्र्याला दिलं. अंधारकोठडीत मरताना तो खजिन्याचा पत्ता दुसऱ्या कैद्याला देऊन जातो. युरोपच्या गॉथिक तळघरात एक गोंयकार आधीच बसलेला आहे, हे मुलांना जरूर सांगा.

बंद घरांत रात्री कॅमेरे घेऊन भूत शोधायला जाणाऱ्यांना मात्र माझा सक्त विरोध आहे. ज्या घराच्या फायलीत चाळीस नावं आहेत, त्यातल्या एकाचीही परवानगी न घेता आत शिरणं म्हणजे घरफोडी. देवचाराच्या नावानं गावकरी जिथे रोट ठेवतात तिथेही असंच. तो गावाचा राखणदार आहे. त्याचा रोट कुणाच्या चित्रीकरणासाठी ठेवलेला नाही.

चवथीला काय लावावं

चवथीला सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात, म्हणून वर्षातली सर्वांत चांगली बैठक तीच. मालिका सुरू करू नका, पुरी होणार नाही. गणपती दीड दिवसांचा असेल तर पहिल्या रात्री आरत्या आणि फुगड्या आटोपल्यावर ‘महाल’ लावा. पाच दिवसांचा असेल तर पहिल्या रात्री ‘महाल’, तिसऱ्या रात्री ‘तुंबाड’, आणि त्याच्या आधी लहान मुलांना झोपवा. मुंबईहून आलेल्यांना वही द्या, चार रकाने आखून द्या, आणि मालकाच्या रकान्यात ते कुणाचं नाव लिहितात ते बघून मग चर्चा सुरू करा. छपराच्या खर्चाचा विषय कुणी काढलाच तर सिनेमा थांबवा आणि आधी तो मिटवा.